श्रावणातला धूर

शकुबाईच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि तिच्याच लेकाच्या शेततळ्यात मासे. देवानं ही जोडी कशी जमवली ते देवालाच ठाऊक. पण दोन वर्षं ती जमून राहिली, कारण तळं होतं ओढ्यापलीकडच्या शेतात आणि माळ होती डोंगरकडा गावाच्या रस्त्याला लागून असलेल्या घरात. शकुबाई निंदायला शेतात गेली तरी तळ्याकडे पाठ करून बसायची. घरातली बाकीची माणसं खाणारी. खायचं झालं तर परसात, गोठ्यामागं, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आणि खाऊन झालं की परसातल्या न्हाणीच्या दगडावर आंघोळ करून मगच उंबरा ओलांडायचा. नवरा तातेराव लग्न झाल्यापासून हा कायदा निमूट पाळत आले होते. सून मंजुषा आली, तीही पाळू लागली. तक्रार कुणाचीच नव्हती.

घोटाळा केला तो एका रोहीनं, म्हणजे नीलगाईनं. श्रावण लागला आणि पावसानं दडी मारली. ओढा आटला, तसं ते जनावर पहाटे पाण्यासाठी तळ्यात उतरलं, घसरलं, आणि वर यायच्या धडपडीत खुरांनी तळाचा प्लास्टिकचा कागद टरकावून निघून गेलं. लेक स्वप्निल सकाळी शेतात गेला तेव्हा तळ्याच्या कडेला पाण्याची ओली रेघ वर आणि पाणी खाली होतं. दुसऱ्या दिवशी ते आणखी खाली गेलं. जमीन पाणी पीत होती आणि आत दोन वर्षं पोसलेले कटले गर्दी करून फिरत होते.

स्वप्निलनं ओसरीवर बसून कळमनुरीच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"श्रावणात मासळी कोन खातं राजा?" फोनमधला आवाज घरभर ऐकू येत होता. "लोकं उपासाला बसलेत. पोळा होऊ दे. करीला आन, सगळी घेतो."

"तवर पानी राह्यलं पायजे ना तळ्यात!"

"मंग पान्याला सांग बाबा थांबायला."

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. महिनाभर तोंड बांधून बसलेलं गाव त्या दिवशी तोंड सोडतं. पण कर अजून लांब होती आणि तळं थांबायला तयार नव्हतं. स्वप्निलनं फोन खिशात टाकला आणि कुणाकडे न बघता बोलला, "ही मासळी हातची गेली तं मी तळं बुजवून राहिलो. चाकणला दोस्त बोलावूनच राहिला कंपनीत. मी अन् मंजुषा तिकडंच जातो."

तळं बुजवावं हे शकुबाईनं दोन वर्षं देवाकडे मागितलं होतं. आज ते मिळत होतं, तर सोबत हे दुसरंही पदरात पडत होतं. एकुलतं एक पोरगं आणि आल्यापासून घराला घरपण आणणारी सून. शकुबाईच्या हातातलं सूप थांबलं. देवाला काही मागताना नीट सविस्तर मागायला हवं, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

"जायचं काई काम न्हाई," मंजुषा दारातून म्हणाली. "धुरावर घालू."

"काय घालू?" स्वप्निलनं विचारलं.

"मासळी. माज्या माहेरी, धरनाच्या कडंला, गंगूताई म्हनून भोयाची म्हातारी हाय. ती घालते. धुरावर वाळलेली मासळी महिनाभर टिकते. रोज थोडी काढायची, रोज थोडी धुरावर द्यायची. करीपातुर सगळी राहते."

"तुला येतं का पन?" तातेरावांनी विचारलं.

मंजुषानं खोटं बोलायचं टाळलं. "पाह्यलं हाय लहानपनी. मोबाईलवरबी पाह्यलं. केलं न्हाई कदी."

"शेतात करा काय करायचं ते," शकुबाई म्हणाली.

"शेतात रातचे कोल्हे येतेत, कुत्री येतेत, आत्याबाई. कोन राखील? परसात, गोठ्यामागं करते. तुमच्या चुलीकडं वारंबी येनार न्हाई, दिशा पाहून करते."

शकुबाईनं सूप पुन्हा हलवलं. नाही म्हणावं तर चाकण दिसत होतं. हो म्हणावं तर गळ्यातली माळ टोचत होती. शेवटी ती म्हणाली, "दगडावर आंगोळ केल्याबिगर घरात पाय ठेवायचा न्हाई. कोनीबी." ही परवानगी होती, हे सगळ्यांना समजलं.

दुसऱ्या दिवसापासून परसात कुदळीचा आवाज सुरू झाला. शकुबाई मागच्या दारात ज्वारी निवडत बसली. बघायचं नाही असं ठरवून बसली, आणि सगळं बघत राहिली.

हळद शिजवायचा एक जुना लोखंडी ड्रम गोठ्याला टेकून पडला होता. बूड गंजून गेलं म्हणून तातेरावांनी टाकून दिलेला. मंजुषानं तो लोळवत आणला. साडीचा काष्टा मारलेला, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत गंज. बूड गेलंय ते बरंच झालं म्हणाली; खालून धूर शिरायला वाट आपोआप मिळाली. ड्रम विटांवर उभा केला. पण जाळ ड्रमखाली करायचा नाही, म्हणे. जाळानं मासळी भाजते, टिकत नाही. तिला हवा होता थंडावलेला धूर. म्हणून तिनं ड्रमपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला खड्डा घेतला आणि खड्ड्यापासून ड्रमपर्यंत चर खणला. काळी माती श्रावणातल्या उघडिपीनं दगडासारखी झालेली. कुदळ पडायची आणि उडायची. स्वप्निल शेतात जाळं घेऊन गेलेला, तातेरावांची कंबर धरलेली. एकटी बाई दुपारभर खणत होती. हाताला फोड आले तेव्हा तिनं पदराची चिंधी फाडून बांधली आणि पुन्हा कुदळ उचलली.

चरावर तिनं जुने पत्रे टाकले, पत्र्यावर चिखल लिंपला. शकुबाईच्या मनात आलं, लिंपते तर सुरेख! कड अशी दाबून घेत होती की फट म्हणून राहू नये. अंगण सारवायला शिकवलं होतं ते शकुबाईनंच. ड्रमाला वरच्या बाजूनं आरपार भोकं पाडून तातेरावांनी सळया घातल्या. सळयांना तारेचे आकडे, आकड्यांना मासळी, आणि वर झाकायला पत्रा. संध्याकाळी मंजुषा दगडावर आंघोळीला बसली तेव्हा तिला तांब्या धरवत नव्हता. गार पाणी दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून ती अंगावर ओतत होती. शकुबाईनं ते पाहिलं आणि आत वळली.

पहिला घाणा काढला आणि सगळ्या परसाचं तोंड उतरलं.

मासळी पिवळी. साधी पिवळी नव्हे, हळदीनं माखलेली. वर्षानुवर्षं हळद शिजवून ड्रमाच्या आतल्या अंगाला जाड थर बसलेला. ओल्या मासळीची वाफ वर गेली, पत्र्याच्या झाकणाला थटली, पाणी होऊन भिंतीवरून ओघळली आणि थरासकट मासळीवर ठिबकली. खाऊन बघावं तर कडू, वास शिजलेल्या हळकुंडांचा. आणि नेमकी त्याच वेळी तांड्यावरची जनकाबाई ताक मागायला आली.

"अगं बया!" तिनं गालाला हात लावला. "मासळीला हळद लावली? नवरदेव कुटला पाह्यला मंग?"

तातेराव हसले. स्वप्निलही हसला, पण त्याचं हसू वरवरचं होतं. जनकाबाईनं ही गंमत तांड्यावर नेली, तांड्यावरून ती गावात आली, आणि दुसऱ्या दिवशी पारावरच्या रिकामटेकड्यांनी स्वप्निलला विचारलं, "वरात कदी हाय?" स्वप्निल घरी आला आणि दोस्ताला फोन लावून चाकणच्या खोलीचं भाडं विचारू लागला. मागच्या दारात बसलेल्या शकुबाईला ते सगळं ऐकू आलं.

मंजुषालाही आलं. तिनं पिवळी मासळी एरंडाच्या झाडाखाली पुरली, ड्रम आडवा पाडला, आणि चिंच आणि राख घेऊन अर्धी आत शिरून घासायला लागली. बाहेर नुसते पाय दिसत होते. घासून घासून आतलं लोखंड वर आलं, तेव्हा तिनं त्यात तुराट्या पेटवून रिकामा ड्रम तापवला, पुन्हा घासला. मग ती बाहेर आली. तोंड, गळा, हात सगळं पिवळं. आरशात न बघताच तिला ते कळलं असावं, कारण ती एकदम हसली.

"मासळीची ऱ्हायली, आत्याबाई, मलाच लागली परत!"

शकुबाईला हसू आवरलं नाही. पदर तोंडाला लावून ती आत पळाली. पण चुलीपुढं बसल्यावर तिचे डोळे भरून आले. रडायचं ते या पोरीनं हसून घालवलं होतं. एवढा जीव आपल्या अंगात त्या वयात होता का, असं तिला वाटलं, आणि नव्हता, असंही तिनं मनाशी कबूल केलं.

दुसऱ्या घाण्याला मंजुषानं पत्रा काढून टाकला आणि तोंडावर गोणपाट पसरलं. वाफ त्यातून निघून जाते, ठिबकत नाही. मासळी पाठीतून चिरली, मीठ चोळलं, आणि आधी वाऱ्यावर पाणी निथळू दिलं. खड्ड्यात जाळ नव्हे, धुमसणारा विस्तव: तळाला बाभळीचे निखारे, वर शेंगांची टरफलं. चरातून धूर सरपटत गेला आणि गोणपाटातून बारीक, निळसर होऊन निघाला. शकुबाईनं आयुष्यभर चुलीसमोर धूर पाहिला होता. पांढरा, डोळे फोडणारा धूर ओल्या लाकडाचा. हा निळा धूर शहाणा धूर. तिला वाटलं आता जमलं. पण ती बोलली नाही, माळकरी बाईनं मासळीच्या धुराला चांगलं कसं म्हणावं?

मासळी उतरली ती पितळेच्या भांड्यासारखी. कातडी आखडलेली, अंग कोरडं, वास खमंग. तातेरावांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"काय हो मामा?" मंजुषानं घाबरून विचारलं.

"बोलवू नको. खाऊन राहिलो."

मग रोजचंच सुरू झालं. स्वप्निल सकाळी कमरेएवढ्या, मग गुडघ्याएवढ्या चिखलपाण्यात उतरून मासळी आणायचा. मंजुषा चिरायची, मिठात घालायची, टांगायची. दिवसभर विस्तव सांभाळायचा, जाळ धरला की राख मारायची, विझला की फुंकायचं. उतरलेली मासळी टोपल्यांत रचून, फडकी बांधून गोठ्याच्या आढ्याला टांगायची. पुन्हा एकेक दिवसाआड तिलाही धूर द्यायचा, नाही तर बुरशी धरते. मंजुषाचे डोळे लाल झाले, केसांना वास लागला, गाल बसले. कानाडोळा करायचा म्हटलं तरी शकुबाईला ते दिसत होतं. रोज संध्याकाळी दगडावरची गार आंघोळ मात्र चुकली नाही. कायदा शकुबाईनंच केलेला. तो मोडावा असं तिला वाटायचं आणि तोंड उघडायचं नाही.

पोळा तोंडावर आला आणि झड लागली.

दडी मारलेल्या पावसाला हाच मुहूर्त सापडला. आभाळ खाली उतरलं आणि बारीक, चिवट पाऊस थांबेचना. तळ्यात शेवटची मासळी उरलेली. ओढ्याला पाणी चढायच्या आत ती काढायची म्हणून बापलेक दोघंही शेतात गेले. परसात मंजुषानं खड्ड्यावर पत्रा तिरका लावला, ड्रमावर बांबूला ताडपत्री बांधली. पण सरपण भिजलेलं. बाभळीची लाकडं सूं सूं करत फेस गाळायची, धूर पांढरा आणि आंबट यायचा, मग तोही बंद पडायचा. आदल्या रात्रीपासून ती फुंकत बसलेली. दुपारी तिचं डोकं तापलं होतं. शकुबाईनं दुरूनच सांगितलं, "जरा टेक. मरशील." ती गोठ्यात पोत्यावर टेकली आणि पडल्या पडल्या झोपली.

शकुबाई मागच्या दारात उभी राहिली. खड्ड्यातून धूर येईना. ड्रममध्ये कालची मासळी टांगलेली, अर्धी कच्ची. ओल्या हवेत ती संध्याकाळपर्यंत आंबणार, हे समजायला मासळी खावी लागत नाही. आणि आढ्यावरच्या टोपल्यांनाही आज धूर हवा होता. ते सगळं गेलं की चाकण.

कोरडं सरपण घरात एकाच ठिकाणी होतं. गोठ्याच्या माळ्यावर आंब्याची लाकडं रचलेली. उन्हाळ्यात वाळलेली फांदी स्वतः तोडून आणून, फोडून, शकुबाईनं ती महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकासाठी ठेवली होती. दरवर्षीची रीत. महालक्ष्म्यांचा नैवेद्य आंब्याच्या कोरड्या लाकडावर, धुराशिवाय शिजायचा. सासूनं तिला तसं लावून दिलं होतं. त्या लाकडांना एरवी कुणी हात लावत नसे.

ती शिडीवर चढली. पहिलं लाकूड उचलताना तिनं हात जोडले. काय म्हणाली ते तिचं तिला ठाऊक. मग मोळी करून खाली उतरली, पावसातून खड्ड्यापाशी गेली आणि पेटवण घातली. मनाला समजावलं, मी मासळीला हात लावत नाही, विस्तवाला लावते. विस्तवाला कशाचा विटाळ? आंब्याचं लाकूड तडतडलं, निखारा धरला, तिनं वरून टरफलं टाकली. निळा धूर चरात शिरला.

पण ताडपत्रीची एक गाठ वाऱ्यानं सुटली होती. गोणपाट भिजून जड झालं होतं आणि पाणी आत गळायला लागलं होतं. आता समजावण्यासारखं काही उरलं नाही. शकुबाईनं मंजुषाकडे पाहिलं. पोर तोंड उघडं टाकून झोपलेली, हातावर फोडांच्या खुणा, चिंध्या अजून बांधलेल्या. शकुबाईनं माळ पदराखाली नीट सारली आणि दोन्ही हातांनी गोणपाट उचललं.

आतून धूर तिच्या तोंडावर आला. धुरात मासळी ओळीनं टांगलेली, डोळे उघडे. जन्मात पहिल्यांदा ती एवढ्या जवळून बघत होती. तिनं कोरडं गोणपाट पसरलं, तर वाऱ्यानं एक आकडा निसटून मासळी तिच्या पुढ्यात पडली. क्षणभर ती थांबली. मग तिनं ती उचलली, पदरानं पुसली, पुन्हा आकड्याला लावली. ताडपत्रीची गाठ मारली आणि विस्तवापाशी येऊन बसली. लाकूड संपलं की माळ्यावर, माळ्यावरून परत खड्ड्यापाशी. गुडघे कुरकुरत होते. दिवस कलला तेव्हा माळा रिकामा झाला होता.

मंजुषा दचकून उठली आणि धावत ड्रमापाशी आली. धूर चालू. मासळी आतून सोनेरी. तिला वाटलं मामा येऊन गेले. मग तिला न्हाणीच्या दगडावर कुणीतरी दिसलं. पावसात, गार पाण्यानं, शकुबाई आंघोळ करत होती.

"आत्याबाई? ही काय येळ हाय?"

"धूर लागला अंगाला," शकुबाई म्हणाली. दात वाजत होते. "तू तुजं काम कर."

पोळ्याला झड उघडली. बैल सजले, मिरवले. आणि दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, तातेरावांच्या दारात माणसं जमली. व्यापाऱ्याची गाडी यायच्या आधीच गावच आलं होतं. वास तर महिनाभर त्यांनीही उपाशी पोटी घेतला होता. पारावरचे ते रिकामटेकडेही फडकं घेऊन उभे. जनकाबाईनं टोपलीत हात घालून एक कटला उचलला, हुंगला, उलटासुलटा केला. "नवरदेव पसंत हाय बाई," ती म्हणाली आणि आणखी दोन उचलले. व्यापारी आला तेव्हा टोपल्या निम्म्या झाल्या होत्या. त्यानं उरलेल्या सगळ्या उचलल्या आणि जाताना मंजुषाला, स्वप्निलला नाही, विचारलं, "बाई, आनखी कदी देता?"

स्वप्निल ओसरीवर बसून बायकोकडे असा बघत होता की तातेरावांनी मान फिरवली. थोड्या वेळानं त्यानं दोस्ताला फोन लावला.

"न्हाई येत," तो म्हणाला. "तळ्याला नवा कागद टाकायचा हाय."

संध्याकाळी मंजुषा दगडाकडे निघाली. शरीर असं दुखत होतं की चालता चालता थांबत होती. दगडापाशी बादलीतून वाफ येत होती. शेजारी शकुबाई तांब्या घेऊन उभी.

"बस."

"आत्याबाई, माज्या हाताला अजून मासळी..."

"बस म्हनलं ना."

शकुबाईनं गरम पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. मग मागं बसून तिच्या केसांतला धूर शिकेकाईनं चोळून काढू लागली. बोटं मासळीच्या वासाच्या केसांतून जात होती आणि मागं घेतली जात नव्हती. मंजुषा गुडघ्यांत मान घालून बसली होती. मग तिनं हळूच विचारलं, "मी सकाळी टोपल्या काढाया गेले व्हते. माळ्यावरली आंब्याची लाकडं कुटं गेली?"

शकुबाईनं तांब्या बुडवला. "जळाली."

मंजुषानं वळून पाहिलं. सासूच्या तोंडाकडे पाहिलं, मग ड्रमाकडे, मग तिला ती पावसातली आंघोळ आठवली. तिचे डोळे भरले. "आत्याबाई, महालक्ष्म्या आल्यात! कशावर शिजवनार आता?"

"ओल्या बाभळीवर. पूस डोळे." शकुबाईनं तिचं डोकं धरून पुन्हा समोर वळवलं आणि पाणी ओतलं. "पुढच्या उन्हाळ्यात लाकडं दोन जागी रचू. एक थप्पी महालक्ष्म्यांची, एक तुजी."